चारीला पस्तीस? स्पोर्ट्स कारच्या टायरमधली हवा आणि सीमाभागाचे रस्ते

निपाणीच्या बाहेर, पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेला टायरवाल्यांची दुकानं आहेत. तिथलं गिऱ्हाईक मुख्यतः ट्रकचं, हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचं. ट्रकच्या टायरला शंभर-सव्वाशे पौंड हवा लागते, त्यामुळे कॉम्प्रेसरच्या नळीवरचा मीटरही त्याच हिशेबाचा असतो. अशा दुकानासमोर कोल्हापूरकडून आलेली एखादी बुटकी, रुंद टायरची गाडी थांबते. टायरवाला विचारतो, ‘‘किती भरू साहेब?’’ आणि आतून उत्तर येतं, ‘‘चारीला पस्तीस.’’

या दोन शब्दांच्या उत्तरात तीन चुका होऊ शकतात. गाडी चाळीस किलोमीटर पळून आलेली असते, म्हणजे टायर तापलेले असतात. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळी हवा लागत असण्याची शक्यता स्पोर्ट्स कारमध्ये बरीच असते. आणि दीडशे-दोनशेपर्यंत आकडे असलेल्या मीटरवर ३२ आणि ३६ यांतला फरक काट्याच्या जाडीएवढा दिसतो. साध्या हॅचबॅकला यातलं बरंच काही खपून जातं. वेगासाठी बांधलेल्या गाडीला खपत नाही. तिची पकड, ब्रेक लागण्याचं अंतर आणि वळणावरची वागणूक हे सगळं रस्त्याला टेकलेल्या तळहाताएवढ्या चार ठिकाणांवर अवलंबून असतं, आणि त्या चार ठिकाणांचा आकार टायरमधली हवा ठरवते.

मग योग्य आकडा शोधायचा कुठे? सुरुवात चालकाच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या तक्त्यापासून करावी. टायरच्या कडेवर कोरलेला आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते. तो टायर दहा वेगवेगळ्या गाड्यांना लागू शकतो, त्यामुळे तो आकडा कोणत्याच एका गाडीसाठी शिफारस म्हणून घेता येत नाही. दारावरचा तक्ता मात्र त्या गाडीचं वजन, ते पुढे-मागे कसं विभागलं आहे, कोणत्या मापाचा टायर आहे, हे पाहून बनवलेला असतो. त्यात अनेकदा दोन ओळी असतात: दोघे प्रवासी असताना एक, पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरी. काही जर्मन गाड्यांत अतिवेगासाठी आणखी एक ओळ सापडते. आकडे बारमध्ये असतील तर १ बार म्हणजे साडेचौदा पौंड (पीएसआय) एवढं लक्षात ठेवलं की पुरे. किलोपास्कलमध्ये असतील तर १०० किलोपास्कल म्हणजे १ बार.

पुढे-मागे हवा वेगळी का, याचं सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. शेव्हरोलेने १९६० सालच्या मॉडेलसाठी ‘कॉर्वेअर’ नावाची गाडी आणली. इंजिन मागे, त्यामुळे वजनही मागे. गाडी वळणावर मागून घसरू नये म्हणून कंपनीने थंड टायरसाठी पुढे १५ आणि मागे २६ पौंड हवा सांगितली होती. पुढच्या टायरमधली हवा मुद्दाम कमी ठेवली की पुढची पकड थोडी मऊ पडते आणि मागचं टोक ताब्यात राहतं, असा तो हिशेब. पण पेट्रोल पंपावरच्या माणसाच्या हाताला चारही टायरमध्ये सारखी हवा भरायची सवय. तोल सांभाळणारा तो ११ पौंडांचा फरक पुसला गेला की वळणावर गाडीची वागणूक बदलायची. राल्फ नाडर यांच्या १९६५ च्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण या गाडीवर आहे. गाडीची सुरक्षितता मालकाने हवेचे दोन आकडे अचूक पाळण्यावर सोपवावी का, हा त्यातला एक कळीचा मुद्दा होता.

आजच्या गाड्या कॉर्वेअरपेक्षा कितीतरी शहाण्या आहेत, पण तत्त्व तेच आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या ‘९९६’ पिढीच्या पोर्शे ९११ मध्ये इंजिन मागच्या आसाच्याही मागे. तिला १८ इंची चाकांवर पुढे ३६ आणि मागे ४४ पौंड हवा सांगितलेली आहे. अशा गाडीत ‘चारीला पस्तीस’ भरले तर पुढे जेमतेम ठीक आणि मागे ९ पौंड कमी, म्हणजे सगळ्यात जास्त वजन पेलणारे टायर सगळ्यात जास्त उपाशी. पुढे इंजिन असलेल्या फोर्ड मस्टँगसारख्या गाडीत पुढे-मागे आकडा सारखाही असू शकतो. म्हणून मित्राच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये. एकाच मॉडेलला १८ ऐवजी २० इंची चाकं असतील तरी तक्त्यातली ओळ बदलते.

तक्त्यावरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास सावलीत उभी, किंवा जेमतेम एक-दीड किलोमीटर सावकाश चाललेली. याचा साधा अर्थ असा की हवा तपासण्याची जागा घराचं अंगण किंवा पार्किंग आहे, महामार्ग नव्हे. बेळगावात टिळकवाडीत किंवा शहापुरात राहणाऱ्या गाडीमालकाने सकाळी ऊन चढण्याआधी स्वतःच्या गेजने हवा बघावी, कमी असेल तर बारा व्होल्टवर चालणाऱ्या छोट्या पंपाने भरावी. चांगला डिजिटल गेज आणि पंप या दोन्हींची मिळून किंमत अशा गाडीच्या एका टायरच्या किमतीसमोर काहीच नाही. पंपावरच्या मशीनवर विसंबणाऱ्यानेही एकदा त्या मशीनचा आकडा आपल्या गेजशी ताडून पाहावा. दोन-तीन पौंडांची तफावत निघणं अजिबात दुर्मीळ नाही.

गाडी पळू लागली की टायर लवतो, लवताना तापतो आणि आतली हवा फुगते. महामार्गावर अर्ध्या तासात ४ ते ६ पौंड वाढणं स्वाभाविक आहे; कंपनीने आकडा ठरवताना ही वाढ धरलेलीच असते. तक्ता ३३ सांगत असेल आणि निपाणीत थांबल्यावर गेज ३८ दाखवत असेल, तर सगळं ठीक चाललं आहे. तिथे ‘जास्त झालीय’ म्हणून हवा सोडली की दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर २८ वर आलेला असतो. उलट, पळून आलेल्या गाडीत नेमके ३३ दिसले तर काळजी करावी. तो टायर थंड असताना २८-२९ वर असणार. अशा वेळी गरम टायरमध्येच तक्त्यापेक्षा चार-पाच पौंड जास्त भरून पुढे जावं आणि मुक्कामी पोचल्यावर, टायर गार झाला की, पुन्हा नीट मापावं.

या ठिकाणी एका घट्ट समजुतीशी भांडण मांडणं भाग आहे. ‘उन्हाळ्यात हवा फुगते, टायर फुटतो, म्हणून चार पौंड कमी ठेव,’ हा सल्ला कोल्हापूर ते धारवाडपर्यंत प्रत्येक टपरीवर ऐकू येतो आणि तो थेट अपघाताकडे नेणारा आहे. टायर चार-पाच पौंड वाढलेल्या दाबाने फुटत नाही. त्याची ताकद त्याहून कितीतरी जास्त असते. कमी हवेच्या टायरची कड प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, त्या दुमडण्याने उष्णता तयार होते, रबर आणि आतले दोरे यांची पकड सुटते आणि मग तुकडे उडतात. जितका वेग जास्त तितक्या वेळा ती कड दर सेकंदाला दुमडते. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी, सिमेंटच्या रस्त्यावर, वेगाने जायचं असेल तर कमी हवा हा सर्वांत वाईट पर्याय.

समृद्धी महामार्गाने हे महाराष्ट्राला दाखवून दिलं. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि काही महिन्यांतच टायर फुटून झालेल्या अपघातांची चर्चा सुरू झाली. परिवहन विभागाने मग महामार्गावर शिरण्याआधीच टायर तपासायला सुरुवात केली आणि झिजलेल्या टायरच्या गाड्यांना आत सोडणं थांबवलं. झिजलेला टायर, कमी हवा, सलग वेग आणि तापलेलं काँक्रीट एकत्र आले की काय होतं ते सांगायला वेगळ्या प्रयोगशाळेची गरज उरली नाही.

हवामानाचा हिशेब मात्र खरा आहे आणि तो करायलाच हवा. तापमान साधारण ५-६ अंशांनी उतरलं की टायरमधला दाब १ पौंडाने उतरतो. बेळगावात एप्रिलच्या दुपारी ३५ अंशांत ३३ पौंड भरून ठेवलेला टायर डिसेंबरच्या १४ अंशांच्या पहाटे ३० च्या खाली जाईल, आणि त्यात गळतीचा भाग अजून धरलेलाच नाही. धडधाकट टायरमधूनही महिन्याला १ पौंडाच्या आसपास हवा झिरपते. फक्त रविवारी बाहेर निघणाऱ्या गाडीच्या बाबतीत हे हमखास विसरलं जातं, कारण गाडी चाललेली नसते म्हणून हवा गेली नसेल असं मालकाला वाटतं. दिवाळीच्या सुमारास, थंडी सुरू होताना, हवा नव्याने मापणं या भागात आवश्यक आहे. नायट्रोजन भरला तर यातून सुटका होते, हेही फारसं खरं नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापमानाने तोही तेवढाच आकसतो-फुगतो. नायट्रोजनचा खरा फायदा तो कोरडा असण्यात आहे. फुकट किंवा स्वस्तात मिळाला तर भरावा; तपासणी त्यामुळे टळत नाही.

सीमाभागातल्या चालकाला एक प्रश्न मुंबई-पुणेवाल्यांपेक्षा जास्त पडतो, तो उंचीचा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर आहे आणि जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरला की काही तासांत पणजी येते. गेज टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतो. बेळगावात बाहेरच्या हवेचा दाब साधारण साडेतेरा पौंड, समुद्रकाठी १४.७. म्हणजे बेळगावात ३४ भरलेला टायर त्याच तापमानाला पणजीत पावणेतेहतीस दाखवेल. पण गोव्यात सकाळ बेळगावपेक्षा पाच-सहा अंशांनी तरी उबदार असते, त्यामुळे उतरलेला पौंड बहुतेक भरून येतो. आकडेमोड करून पाहिली तर १८ अंशांच्या बेळगावी सकाळी ३४ असलेला टायर २४ अंशांच्या पणजीत ३३.७ च्या आसपास स्थिरावतो. घाट उतरताना हवा वाढवू-कमी करू नये. परत आल्यावर, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, एकदा मापावी.

उंचीपेक्षा या रस्त्यांवर जास्त बोचतात ते खड्डे. अलीकडच्या पोर्शे ९११ कॅरेरा एसला पुढे २४५/३५ आर२० आणि मागे ३०५/३० आर२१ टायर असतात. मधला आकडा हा कडेची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो. म्हणजे पुढच्या टायरची कड ८६ मिलिमीटरच्या आसपास. नेहमीच्या १८५/६५ आर१५ टायरची कड १२० मिलिमीटर असते. जून-जुलैत चोर्ल्याच्या किंवा संकेश्वर-गडहिंग्लज-आजरा-आंबोली रस्त्याच्या खड्ड्यात असा बुटका टायर आपटला आणि हवा कमी असली, तर टायर खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात चिमटला जातो. रिम वाकते, किंवा आतले दोरे तुटून कडेवर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. तो काढून टाकावाच लागतो. ‘खराब रस्ता आहे, हवा जरा कमी ठेवू, गाडी मऊ चालेल’ हा विचार जीपला एक वेळ चालेल. ३५ प्रोफाइलच्या टायरला वाचवायला हवाच असते, कारण तिथे रबर फार थोडं आहे. अशा रस्त्यावर तक्त्याइतकी किंवा तक्त्याहून एखाद-दुसरा पौंड जास्त हवा ठेवावी, वेग कमी करावा आणि खड्डा चुकत नसेल तर त्याआधी ब्रेक सोडावा.

पावसातही हवेचा आकडा जीव वाचवतो. अमेरिकेच्या नासा संस्थेतले वॉल्टर हॉर्न यांनी १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर केलेल्या अभ्यासातून एक सूत्र मांडलं: साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाशी बांधलेला असतो. त्या सूत्राने ३३ पौंडांना हा वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतो, २५ पौंडांना ८३. नक्षीची खोली, पाण्याची खोली आणि टायरची रुंदी यांनी प्रत्यक्षातला आकडा बदलतो, आणि रुंद टायरला पाणी बाजूला सारणं जास्त अवघड जातं. पण दिशा पक्की आहे: हवा कमी तर गाडी लवकर तरंगणार. वंटमुरी घाटातून बेळगावकडे येताना किंवा निपाणीनंतर तवंदी घाटात पावसाळ्यात पाण्याचे ओहोळ रस्त्यावर येतात. तिथे ३३ चे २५ झालेले असतील तर नेहमीचा वाटणारा वेगही जास्त ठरतो.

२५ हा आकडा उगाच घेतलेला नाही. टायरमधली हवा कमी झाल्याचं सांगणारा डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा, म्हणजे टीपीएमएस, अमेरिकेत २००० साली फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांवरचे फायरस्टोन टायर फुटण्याच्या प्रकरणानंतर कायद्याने आला. तिथल्या नियमानुसार शिफारशीपेक्षा हवा २५ टक्क्यांनी कमी झाली की दिवा लागला पाहिजे. ३३ चे २५ टक्के म्हणजे सव्वाआठ. तेव्हा दिवा लागेपर्यंत थांबणारा चालक २६-२७ पौंडांवर बिनधास्त वेगात असू शकतो. दिवा ही शेवटची घंटा समजावी. ज्या गाडीत प्रत्येक चाकाचा आकडा पडद्यावर दिसतो, तिथेही चारपैकी एक चाक इतरांपेक्षा हळूहळू मागे पडतंय का ते पाहावं. खिळा बहुधा तिथेच सापडतो.

ट्रॅकची गोष्ट वेगळी आहे, आणि या भागाला ती परकी नाही. कोल्हापूरजवळच्या मोहित्यांच्या गो-कार्ट ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत आणि कोल्हापूरची मुलं पुढे मोठ्या गाड्यांच्या शर्यतींत उतरली आहेत. कार्टमध्ये मोटारीच्या निम्म्याहून कमी हवा असते आणि अर्ध्या पौंडाच्या फरकाने वळणावरची वागणूक बदलते, हे तिथे पोरं लवकर शिकतात. ट्रॅकवर स्पोर्ट्स कार नेली, उदाहरणार्थ कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर, तर चालक गरम टायरचा आकडा लक्ष्य धरतात: दोन-चार फेऱ्या मारून यायचं, लगेच मापायचं, वाढलेली हवा थोडी थोडी सोडून चारही टायर हव्या त्या गरम आकड्यावर आणायचे. टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या पट्ट्याचं तापमान घेतलं तर आणखी कळतं. मधला पट्टा जास्त तापला तर हवा जास्त, दोन्ही कडा जास्त तापल्या तर कमी. फक्त आतली कड तापत असेल तर आधी चाकाचा कल, म्हणजे कॅम्बर, तपासावा.

इथेही खाली जाण्याला मर्यादा आहे. ६ जून २०२१ रोजी बाकूच्या फॉर्म्युला वन शर्यतीत आघाडीवर असलेल्या मॅक्स व्हर्स्टॅपनचा मागचा डावा टायर सरळ रस्त्यावर, पूर्ण वेगात फुटला. त्याआधी लान्स स्ट्रोलचाही तसाच फुटला होता. टायर पुरवणाऱ्या पिरेली कंपनीने तपासाअंती टायरच्या बनावटीत दोष नसल्याचं आणि कारण टायर ज्या परिस्थितीत चालवला गेला तिच्याशी जोडलेलं असल्याचं सांगितलं. त्यानंतर हवेच्या दाबाची तपासणी अधिक कडक झाली. जगातले सर्वांत तज्ज्ञ अभियंते जिथे दाबाच्या खालच्या टोकाशी खेळताना अडचणीत येतात, तिथे ‘ग्रिप वाढते’ म्हणून महामार्गावर २८ वर गाडी चालवणं टाळलेलंच बरं. ट्रॅकवर हवा सोडलेल्या गाडीने परतीच्या रस्त्याला लागण्याआधी, टायर गार झाल्यावर, तक्त्याप्रमाणे हवा भरलीच पाहिजे. ही पायरी वगळून रात्री हुबळीकडून बेळगाव गाठणं म्हणजे दिवसभर तापून दमलेल्या टायरला उपाशीपोटी पळवणं.

टायरची झीज दर महिन्याला बघावी. मध्यभाग जास्त झिजला असेल तर हवा जास्त राहिली, दोन्ही कडा झिजल्या तर कमी. रुंद टायर असलेल्या गाड्यांत आतली कड वरून दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून किंवा गाडी रॅम्पवर चढवून ती पाहावी. कडेवरचे चार आकडी अंकही वाचावेत: ‘२३२२’ म्हणजे २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. कमी चालणाऱ्या गाडीची नक्षी शाबूत असते आणि रबर मात्र कडक झालेलं असतं, तेव्हा हवेचा आकडा कितीही अचूक असला तरी पकड परत येत नाही.

शेवटी स्टेपनी. अनेक स्पोर्ट्स कारमध्ये ती नसतेच. २०२० पासून भारतातही टीपीएमएस आणि टायर दुरुस्तीचा संच असलेल्या गाडीला स्टेपनी न ठेवण्याची मुभा आहे. छोटी, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिला बहुधा ६० पौंड हवा लागते आणि तिच्यावर ताशी ८० च्या वर जायचं नसतं. वर्षानुवर्षं डिकीत पडून ती रिकामी झालेली असते, म्हणून तीही मापावी. फक्त सीलंटची बाटली असेल तर तिच्यावरची मुदत वाचावी. सीलंट नक्षीतल्या खिळ्याच्या भोकावर चालतो, कड फाटली तर त्याचा उपयोग नाही. चोर्ल्याला निघण्याआधी फ्लॅटबेड टोइंगचा क्रमांक लिहून ठेवावा आणि पंप, गेज, हातमोजे, बॅटरी डिकीत वरच ठेवावेत, कारण कणकुंबी सोडल्यावर केरीपर्यंत मोबाइलला रेंज मिळेलच याची खात्री नाही, आणि ट्रकवाल्यांच्या टायर दुकानात २१ इंची टायर मिळत नाही.